शाळेच्या फॉर्मवरचे चार कोरे आठवडे

"ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर," डॉक्टर म्हणाल्या. मी डायरीत लिहून घेतलं. सतत विरोध करणं, चटकन भडकणं, मोठ्यांचं मुद्दाम न ऐकणं, तेही महिनोन्‌महिने. माझी माही आठ वर्षांची. तोवर आमच्या गावात, सौंसरमध्ये, तिच्या वागण्याला एकच नाव होतं, वात्रटपणा.

नागपूरच्या त्या दवाखान्यात क्लिनिकल ट्रायल सुरू होती, म्हणजे एखादा उपचार खरंच लागू पडतो का हे तपासणारा अभ्यास. आईवडिलांना प्रशिक्षण, काही मुलांना सोबत गोळी. डॉक्टरांनी माहीचीही संमती विचारली. "कडू असली त थुकीन," ती म्हणाली.

पहिले चार आठवडे फक्त नोंदी. एक फॉर्म घरचा, एक शाळेचा. दोन्हीकडे त्रास दिसला तरच प्रवेश.

घरचा फॉर्म मी रोज भरला. ताट फेकलं. आत्याला चावली. बाजारात रस्त्यावर आडवी झाली. शाळेचा फॉर्म वर्गशिक्षिका वंदनाकडे होता; तो बंद पाकिटात थेट दवाखान्यात जायचा. पांढुर्ण्याच्या कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. माहीने वर्गात बाक उलटवला तेव्हा तिनेच मला फोन करून बोलावलं होतं. त्यामुळे मी निर्धास्त होते.

पाचव्या आठवड्यात आम्ही पुन्हा बसने नागपूरला निघालो. वाटेतलं बोरगाव येईपर्यंत माही समोरच्या सीटला लाथा मारत होती. डॉक्टरांनी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले. माझा भरलेला. शाळेचे चारही आठवडे कोरे, खाली एकच शेरा: काही तक्रार नाही.

"नियमाप्रमाणे हिला ट्रायलमध्ये घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. मग हळूच, "घरात काही ताण आहे का?"

सगळं लिहून ठेवणारी मीच संशयित ठरले.

बसस्टँडवरून मी थेट वंदनाकडे गेले. ती लपवालपवी करेल असं वाटलं होतं.

"हो, म्याच लिवलं. गाव लहान आहे वं. उद्या लग्नाच्या वक्ताले कोणी म्हणन, हे त पागलखान्याची दवा खात होती. मंग?"

"आठ वर्षांची आहे ती, वंदे!"

"म्हणूनच त."

"तुह्या फॉर्मनं तिची जागा गेली."

वंदना म्हणाली, "मले वाटलं, चांगलं लिवलं त चांगलंच होईन."

परक्याने केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही.

ट्रायल नाही, पण डॉक्टरांनी प्रशिक्षण ओपीडीत सुरू केलं. त्यासाठी ऑफिसात रजेचा अर्ज दिला. रजा बघणारा बाबू हसला. "ताई, पोरीचे दात लय दिवस चालून राह्यले!"

आधीचे अर्ज त्याच्या फाइलमध्ये होते. माझ्याच अक्षरात, कारण: मुलीच्या दातांचे उपचार. सासूबाईंनाही मी दातच सांगितले होते.

मी अर्ज परत घेतला, दात खोडले आणि आजाराचं नाव लिहिलं. "हे काय असते?" त्याने विचारलं. मी खुर्ची ओढली आणि सांगितलं.

तुमच्याही घरी असं मूल असेल, तर शाळेला फॉर्म देण्याआधी स्वतः कुणाकुणाला काय सांगितलंय ते आठवा.

वंदनावरचा राग गेलेला नाही. उपचार ठरवायला डॉक्टरांना शाळेची नोंद अजूनही हवी आहे. सोमवारी नवा फॉर्म घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे. ती भरेपर्यंत समोर बसणार आहे.