नऊ इंची भिंत

दणक्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची घरं पाडली आणि साठाव्या वर्षी स्वतःसाठी एक घेतलं. मी गवंडी. तो पाडायचा, मी बांधायचो. त्याची धूळ खाली बसली की माझा ओळंबा सुटायचा. चाळीस वर्षं असंच चाललं.

त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीतच राहिलं. आठ किलोचा घण तो दिवसभर चालवायचा, पण फुकटचा एक घाव घालायचा नाही. एका विटेला दोन घाव लागले तर शिवी विटेला नाही, स्वतःला द्यायचा.

घण उचलण्याआधी त्याची एक रीत होती. पाडायच्या भिंतीवर तळवा टेकायचा, डोळे मिटायचे, तीसपर्यंत मोजायचं. तरुणपणी एका पाडकामावर मुकादमानं घाई केली होती. "पलीकडं कुणी नाही, मार," म्हणाला. यानं मारलं. पलीकडं एक मजूर भिंतीला टेकून झोपला होता. भिंत त्याच्या कमरेवर बसली. दोन तास ओरडला, मग गप्प झाला. त्या दिवसापासून तळवा. नवीन माणसं हसायची, "दादा भिंतीची नाडी बघतात." तो म्हणायचा, "ये, तुझीही बघतो." मग हसू बंद.

तो राहायचा ती गल्ली पत्र्याच्या भिंतींची. एकानं कूस बदलली की शेजारच्याची झोप मोडायची. आठवड्यातून एकदा तरी मारामारी ठरलेली. सळ्या, सायकलच्या साखळ्या, बाटल्या. एकदा वहिनी, म्हणजे दणक्याची बायको, नळावरून पाणी आणत होती. दोन टोळक्यांच्या मधून बाटली आली आणि तिचा डावा कान अर्धा घेऊन गेली. घागर मात्र तिनं सोडली नाही. मी दवाखान्यात गेलो तेव्हा डोक्याला पट्टी बांधून बसली होती. म्हणाली, "भावजी, तुमच्या मित्राला सांगा. दुसरा कान जागेवर आहे तोवर घर बदला म्हणावं."

त्याला अकरा वर्षं लागली.

त्याच गल्लीत एक दारुडा बायकोला मारायचा. पहिली किंकाळी आली की दणक्या उठायचा, दार लाथेनं उघडायचा आणि त्याला गचांडी धरून गटारात टाकायचा. मागून गल्लीतल्या बायका झारे-लाटणी घेऊन यायच्या आणि उरलेलं काम करायच्या. असं सहा वेळा झालं. सहाव्या वेळी दारुड्यानं दणक्याच्या मांडीत कात्री खुपसली. टाके घालून घेताना तो मला म्हणाला, "मिस्तरी, पुरे. आता मला कुणाचं भांडण ऐकायचं नाही. असं घर बघ, जिथं भिंतीपलीकडचं काही ऐकू येणार नाही."

हे मी लक्षात ठेवलं. चूक तिथंच झाली, आणि तिच्यात अर्धा वाटा माझा.

वस्ती निवडायला आम्ही तिघं फिरलो. दलाल वर बघायचा, "हवा बघा, उजेड बघा." वहिनी खाली बघायची. प्रत्येक दाराचा खालचा एक हात. लाथा बसलेल्या दाराला पोचे असतात, रंग कितीही द्या. बाजाराजवळच्या वस्तीत एकही दार सरळ नव्हतं. सकाळी आठ वाजता एक माणूस दुकानाच्या पायऱ्या बादलीनं धूत होता. पाणी लाल.

"मासळीचं असेल," दलाल म्हणाला.

वहिनीनं भिंतीवर डोक्याएवढ्या उंचीवर उडालेले थेंब दाखवले. "मासळी एवढी उंच उडी मारते का हो?"

दुसरी वस्ती कारखान्यांच्या मागं. इमारती नव्या, पण प्रत्येक खिडकीला सळ्या, प्रत्येक कुंपणावर काचा. वहिनी जिना चढलीच नाही. "जे बाहेर ठेवायला एवढं लोखंड लागतं, ते एक दिवस आत येतंच."

तिसरी वस्ती चढावरची. झाडं, फाटकावर पहारेकरी, गुळगुळीत दारं. तासभर उभे राहिलो. ना आरडाओरडा, ना भांडी पडल्याचा आवाज, ना कुणाचं मूल रडलं. वहिनीनं सगळ्या मजल्यांवरच्या दारांचे खालचे भाग बघितले. एक ओरखडा नव्हता. ती तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. "हीच," म्हणाली.

दणक्यानं शेजारच्या घराला लागून असलेली भिंत ठोकली. मी थापीचा दांडा आपटून बघितला. भरीव, बद्द आवाज. "पूर्ण नऊ इंची," मी म्हणालो. "अर्ध्या विटेची लबाडी नाही. पलीकडं बँड वाजला तरी कळणार नाही. घे."

त्यानं घेतलं.

वहिनीची एकच अट होती. घण जुन्या गल्लीतच ठेवायचा. "त्या घरात हे हत्यार नको." दणक्यानं मान हलवली आणि घण छिन्नीसकट गोधडीत गुंडाळून नव्या घराच्या माळ्यावर टाकला. तिला माहीत होतं.

शेजारी घड्याळांच्या दुकानाचा मालक. पन्नाशीचा, इस्त्रीचे कपडे, बोलणं मऊ. पहिल्याच दिवशी भिंतीवरचं घड्याळ भेट घेऊन आला. "काका, काही लागलं तर हक्कानं सांगा." त्याची बायको मागं उभी होती. उन्हाळ्यातही लांब बाह्या. घर तिच्या वडिलांचं, हे नंतर कळलं.

घड्याळ लावायला दणक्यानं खिळा घेतला आणि सवयीनं आधी तळवा टेकला. तीसपर्यंत मोजायचं होतं. बारावर थांबला. पुन्हा एकपासून सुरू केलं. त्या संध्याकाळी माझ्या घरी आला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "मिस्तरी, पलीकडं माणूस आपटतोय."

"कपाट सरकवत असतील."

"कपाट आपटलं की भिंत एकदा हलते. माणूस आपटला की दोनदा. आधी खांदा, मग डोकं."

मी चाळीस वर्षं त्याच्या तळव्याच्या भरवशावर भिंतीखाली उभा राहिलो होतो. वाद घातला नाही.

त्यानं बेल वाजवली. घड्याळवाल्यानं दार चार बोटं उघडलं. कपाळावर घाम, एका मनगटाची बाही ओली. "कपाट सरकवत होतो, काका. त्रास झाला का?" दुसऱ्या दिवशी त्याची बायको जिन्यात भेटली. हात ओढणीत अडकवलेला. वहिनीनं विचारलं तर म्हणाली, "पडले." खालचा ओठ फाटलेला होता. पडून ओठ आतून फाटत नाही, दातावर बुक्की बसली की फाटतो. वहिनीला गल्लीनं एवढं शिकवलं होतं.

दणक्या इमारतीच्या सेक्रेटरीकडं गेला. सेक्रेटरी म्हणाले, "काका, इथं कुणी कुणाच्या दारात जात नाही. म्हणून तर लोक इथं घर घेतात. तुम्हीसुद्धा म्हणूनच घेतलंत ना?"

दणक्यानं घरी येऊन पोलिसांना फोन केला. एक हवालदार आला, घड्याळवाल्याकडं चहा प्यायला, गेला. त्या संध्याकाळी भिंत अर्धा तास हलली. तक्रारीची शिक्षा दुसऱ्याच कुणाला झाली.

दणक्यानं जेवण टाकलं. दिवसभर भिंतीशी बसायचा. वहिनी वैतागली. "उठा तिथून. अकरा वर्षं वाट बघितली मी या घराची. इमारतवाल्यांनी बाहेर काढलं तर कुठं जायचं? परत पत्र्यात? मी नाही जाणार." मग आवाज खाली आणून, "तुमची मांडी अजून दुखते ना?"

"दुखते."

"मग झालं तर."

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. दुपारचे दोन. ताटं वाढलेली. भिंतीवरचं घड्याळ हललं. आवाज काही नाही, नुसतं घड्याळ खिळ्यावर डाव्या-उजव्या बाजूला. आम्ही तिघंही बघत राहिलो. एकदा, दोनदा, सातदा. मग ते खिळ्यावरून सुटलं आणि खाली फुटलं.

दणक्यानं तळवा टेकला. त्याचा चेहरा मी त्या मुकादमाच्या पाडकामानंतर असा बघितला नव्हता.

"दोनदा हलत नाही आता," म्हणाला. "एकदाच. ती उठत नाहीये. पडलेलीला मारतोय."

तो धावत बाहेर गेला, दार बडवलं, खांदा मारला. लोखंडी चौकट, आतून तीन कड्या. मी बाकीच्या दारांच्या घंट्या दाबल्या. दारांतल्या भोकांमागं उजेड-अंधार झाला, दार एक उघडलं नाही. आम्ही घरात परत आलो तेव्हा वहिनी भिंतीला चिकटून उभी होती. तिनं तो अर्धा कान गिलाव्यावर दाबला होता. ती बाजूला झाली, स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला आणि गोधडीसकट घण खाली ओढला.

"दाराला किती वेळ?" तिनं विचारलं.

"वीस मिनिटं."

"भिंतीला?"

"चार."

तिनं घण त्याच्या हातात दिला. जड होता, पण टेकवला नाही, हातातच दिला.

"मिस्तरी, सांधा दाखव."

भिंत खांबाला मिळते तिथं सिमेंट कधीच नीट भरलं जात नाही. कुठलाच गवंडी भरत नाही, मीही नाही. मी गोधडीतल्या छिन्नीनं गिलावा उडवला, खांबाकडच्या चार विटा सैल करून आमच्या बाजूला ओढून काढल्या. विटा पलीकडं उडाल्या असत्या तर तिच्यावरच पडल्या असत्या. मग तो उभा राहिला. त्यानं सरळ मारलं नाही, भोकाच्या काठावर तिरपं मारलं, म्हणजे मलबा आपल्याकडं येतो. साठी उलटलेला माणूस. एक घाव फुकट नाही. मी मोजले. अकरा.

धुळीतून घड्याळवाला दिसला. हातात पितळी लंबक होता, मोठ्या घड्याळाचा, आणि तो मनगटापर्यंत लाल. दणक्यानं भोकातून डोकं आणि खांदा घातला तसा त्यानं तो लंबक खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखतो, ओल्या फांदीसारखा असतो. दणक्याचा उजवा हात लुळा पडला. घण त्याच हातात होता, तो खाली पडला. पुन्हा उचलला असता तर तिथंच एक माणूस कमी झाला असता. त्यानं उचलला नाही. डाव्या हातानं घड्याळवाल्याची कॉलर धरली आणि भोकातून ओढला. फुटक्या विटांवरून. अर्धा चेहरा त्या काठावर राहिला. तो आमच्या ताटांवर येऊन पडला, तेव्हा वहिनी त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली आणि हाताला लागलेल्या पळीनं त्याच्या तोंडावर मारत राहिली. मी तिला थांबवलं नाही. मला पलीकडं जायचं होतं.

ती पलंगाच्या पायाशी होती. जबडा एका बाजूला गेलेला, केस जमिनीला चिकटलेले. श्वास चालू होता, त्यात बुडबुडे. मी तिला उचलून त्याच भोकातून आणलं. वजन काहीच नव्हतं. सिमेंटची गोणी जास्त भरते.

आता दारं उघडली. सगळी. घणाच्या अकरा घावांनी अख्खी इमारत आमच्या दारात आली. सेक्रेटरी सगळ्यांत पुढं. खाली रक्तात पडलेल्या माणसाला ओलांडून ते भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, "अहो, ही भिंत कुणाला विचारून फोडली?"

वहिनी उठली. तिच्या हातात पळी होती. सेक्रेटरी मागं सरले आणि रुग्णवाहिकेला फोन करायला गेले. तेवढं एक काम त्यांनी पटकन केलं.

घड्याळवाल्याला पोलीस घेऊन गेले, तो तुरुंगात आहे. दणक्याचा खांदा वाकडा जुळला, घण त्याला पुन्हा उचलता आला नाही. इमारतीनं त्याला नोटीस दिली: पंधरा दिवसांत भिंत पूर्ववत करा, नाहीतर घर सोडा. पंधरा दिवस त्या भोकाला चादर लावलेली होती. वहिनी रोज चादर बाजूला करून पलीकडं जायची आणि फरशी पुसायची. तीन दिवस पुसल्यावर डाग निघाला.

बाई दवाखान्यातून आली त्या दिवशी मी थापी घेऊन गेलो. तिचे दात तारेनं बांधलेले होते. वहिनी तिला सूप पाजत होती.

"नऊ इंचीच बांधतो," मी म्हणालो. "जशी होती तशी."

"नाही," वहिनी म्हणाली. "अर्ध्या विटेची बांधा, भावजी."

"नोटिशीत पूर्ववत लिहिलंय."

"वरून गिलावा केल्यावर कुणाला कळतंय? सेक्रेटरी काय थापी आपटून बघणार आहेत?" मग ती त्या बाईकडं वळली. "तुमचंही घर आहे. तुम्ही सांगा."

बाईला बोलता येत नव्हतं. तिनं अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांजवळ आणलं. बारीक. मग आणखी जवळ आणलं.

मी अर्ध्या विटेची बांधली. दीड दिवस लागला. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम पातळ भिंत बांधली, आणि तीही ओळंब्यात, कारण वाईट काम मला येत नाही. खांबाकडचा सांधा मात्र या वेळी भरला. शेवटचा हात फिरवला तेव्हा दणक्या झोळीत हात अडकवून खुर्चीवर बसला होता. वहिनी पलीकडं त्या बाईपाशी होती. दणक्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि अगदी हळू म्हणाला, "मिस्तरी, आता मला घोरायचीसुद्धा चोरी."

भिंतीपलीकडून वहिनीचा आवाज आला, स्वच्छ, "ऐकलं मी."

आणि तिच्या शेजारून दुसरा एक आवाज, बांधलेल्या दातांतून, फुसफुसता. ती हसत होती.