दाढीवाल्याच्या पायाशी

ल्होटका गावात वेंडेलिन श्कोपेक दिसला की लोक पटकन आपल्या कोटाचं बटण धरायचे. धुराडी साफ करणारा समोर आला आणि बटण धरलं की दिवस चांगला जातो, असं तिकडे लहानथोर सगळेच मानतात. वेंडेलिनला याची इतकी सवय झाली होती की कुणी बटण धरलं नाही तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. गावभर नशीब वाटत फिरणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र छंद म्हणून एकही नव्हता. मासे धरायचा कंटाळा, पत्ते कुटायचा त्याहून कंटाळा. रविवारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा आणि बटाटे कसे सोलावेत ते बायकोला शिकवायचा.

बायको राद्मिला शाळेच्या खानावळीत अख्ख्या शाळेचा स्वयंपाक करायची. बटाट्यांबद्दल सल्ला घ्यायची तिची तयारी नव्हती. त्याच्या पन्नाशीला तिने पिवळं, मुठीत मावणारं एक जीपीएस यंत्र आणून त्याच्यापुढे ठेवलं.

"हे घे आणि घराबाहेर पड."

"काय करायचं याचं?"

"लोकांनी जिकडेतिकडे डब्या लपवून ठेवल्यात. त्या कुठे आहेत त्याचे आकडे वेबसाइटवर मिळतात. ते यात भरायचे, की बाण दाखवतो कुठे जायचं ते. डबी शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं, होती तशी परत लपवायची आणि घरी यायचं. उशिरा आलास तरी चालेल."

वेंडेलिन कुरकुरत बाहेर पडला. परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, कानामागे कोळिष्टकं, आणि तोंडभर हसू. ओढ्यावरच्या पुलाखाली त्याला पहिली डबी सापडली होती. त्यानंतर बटाटे सुटले ते सुटलेच.

हा खेळ खेळणारी मंडळी तिकडे स्वतःला बदकं म्हणवतात. वेंडेलिनने नाव घेतलं काजळबदक. कामावरून आला की तो हात घासून धुवायचा आणि संगणकापुढे बसायचा. पडद्यावर नकाशा उघडायचा, डोंगरांच्या वळणदार रेषा बोटाने गिरवायचा, कुठून चढायचं, कुठे ओढा ओलांडायचा ते आखायचा आणि सगळं यंत्रात उतरवून घ्यायचा.

"बाहेर लख्ख ऊन पडलंय," राद्मिला म्हणायची, "आणि तू घरात बसून जंगल बघतोस."

"तयारी करतोय."

"तुझी तयारी संपेपर्यंत झाडं तोडून नेतील."

पुढे त्याला वाटायला लागलं की नुसतं शोधणं पुरे झालं, आपणही लपवावं. त्याने दोन डब्या लपवल्या. लोकांना त्या बघता बघता सापडल्या. एका बाईने वेबसाइटवर लिहिलं, "छान आहे. आमच्या धाकटीने गाडीतून न उतरताच दाखवली." ते वाक्य वेंडेलिनच्या जिव्हारी लागलं. आठवडाभर तो धुराड्यांत डोकं घालून तेच घोकत होता.

तिसऱ्या डबीसाठी त्याने टेकडीवरचं संत प्रोकोपचं छोटं देऊळ निवडलं. संताचा दगडी पुतळा आहे, छातीपर्यंत दाढी, आणि चौथऱ्याचा एक दगड जरासा हलतो. त्यामागे डबी चपखल बसली. यंत्र चौथऱ्यावर ठेवून, उपग्रहांचा मेळ नीट बसेपर्यंत तो पाइप ओढत थांबला आणि मग आकडे टिपून घेतले. वर्णनात त्याने देवळाचं नावही लिहिलं नाही, उगाच मजा जायची म्हणून. फक्त एक खूण दिली: दाढीवाल्याच्या पायाशी बघा. आकडे वेबसाइटवर भरत असताना राद्मिला खालून ओरडत होती, "क्नेडलीकचे उंडे गार होताहेत, मी परत उकडणार नाही." त्याने भराभर बोटं चालवली आणि जेवायला पळाला.

त्यानंतर घडलं ते वेंडेलिनच्या स्वप्नातही नव्हतं. डबी कुणालाच सापडेना. पहिल्या रविवारी चौघे आले, हात हलवत गेले. पुढच्या रविवारी ओस्त्रावाहून एक अख्खी टोळी आली, तीही तशीच परत गेली. "नाही सापडली", "पुन्हा नाही सापडली", "हरलो", अशा नोंदींची रांग लागली. वेंडेलिन त्या नोंदी राद्मिलाला मोठ्याने वाचून दाखवायचा. छाती फुगवून चालायला लागला. धुराड्यात ब्रश सोडताना शीळ घालायला लागला.

एक नोंद मात्र त्याला कळेना. "दाढीवाल्याला उचलून पाहिलं. खाली फक्त गांडूळ."

"पुतळा उचलला?" वेंडेलिनने चष्मा पुसला. "तो उचलायला बैल लागतील."

तो धावत टेकडीवर गेला. संत जागच्या जागी, डबी जागच्या जागी, आतला कागद कोरा. चार दिवसांनी आणखी एक नोंद आली. "डबी नाही सापडली, पण आजींच्या बुख्ती अप्रतिम. पुन्हा येऊ."

"कुठल्या आजी?" राद्मिलाने विचारलं.

"मला काय माहीत. देवळाशी चिटपाखरू नसतं."

"संतबाबांनी मुरंब्याचे गोड पाव भाजायला घेतले असतील. घेऊन ये चार."

जूनमध्ये क्रेझोव्हाबाईंच्या धुराड्याची पाळी आली. क्रेझोव्हाबाई म्हणजे गावाच्या खालच्या टोकाला आलुबुखारांच्या बागेत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी ब्रनोला. वेंडेलिनला त्या तो शिकाऊ असल्यापासून ओळखत आणि अजून वेंडा म्हणूनच हाक मारत. माणूस मोठा खाष्ट. पोस्टमन त्यांच्या फाटकाला हात लावायच्या आधी खाकरायचा.

वेंडेलिन छपरावर चढला, ब्रश सोडणार तोच फाटक वाजलं. खाली तीन माणसं बागेत शिरली, हातात यंत्रं समोर धरून, मान खाली घालून. वेंडेलिनने ती चाल शंभर पावलांवरून ओळखली असती. तिघे सरळ बागेतल्या मातीच्या बुटक्याकडे गेले. लाल टोपी, हातात फावडं, आणि पांढरीशुभ्र दाढी.

"हाच तो दाढीवाला," एकजण म्हणाला आणि बुटक्याच्या पायाशी उकरायला बसला.

वेंडेलिनने खिशातून आपलं यंत्र काढलं. भोवतालच्या सगळ्या डब्या वेबसाइटवरून त्यात उतरवलेल्या होत्या, स्वतःचीही होती, पण स्वतःच्या डबीकडे जायला यंत्र कुणाला लागतं? त्याने ती निवडली. बाण गर्रकन फिरला, टेकडीकडे पाठ करून छपराच्या उतारावरून सरळ खाली, बुटक्याच्या लाल टोपीवर जाऊन थांबला. त्याने आकडे नीट पाहिले. तीन आणि सात. आधी तीन हवा होता, तिथे सात बसला होता, आणि साताच्या जागी तीन.

तो धुराड्यामागे वाकून बसला.

"वेंडा," खालून क्रेझोव्हाबाईंची हाक आली, "लपतोस काय कावळ्यासारखा? खाली ये, पाहुणे आलेत. कॉफी ठेवलीय."

उतरावं लागलं. त्या तिघांनी त्याला पाहताच बटणं धरली.

"झालं आपलं काम," त्यांच्यातला जाडा म्हणाला. "धुराडेवाला भेटला. आज डबी सापडणार."

वेंडेलिनने बुख्ती तोंडात कोंबली, म्हणजे बोलावं लागणार नाही.

"आधी मी पोलिसांना बोलावणार होते," क्रेझोव्हाबाई सांगत होत्या. "सकाळी उठून बघते, तर एक टक्कल पडलेला माणूस कोंबड्यांच्या खुराड्याखाली आडवा. काठी घेऊन गेले. म्हटलं, कोण रे तू? तर म्हणतो, घाबरू नका आजी, मी बदक आहे."

तिघे खो खो हसले.

"हसा. मला वाटलं, वेड्यांच्या इस्पितळातून सुटलाय. अशा माणसाशी गोड बोलावं म्हणून बुख्ती दिली. तर बसला की दुपारपर्यंत. माझी नळाची तोटी दुरुस्त करून गेला. पुढच्या आठवड्यात त्याची बायको आली, मग बायकोची बहीण आली. आता रोज कुणीतरी असतं. शनिवारी मी दोन तवे भरून भाजते."

"ही डबी लपवणारा कोण गाढव आहे, भेटला पाहिजे एकदा," जाडा म्हणाला. "काजळबदक म्हणे."

"गाढव कशाने? हुशार असेल," क्रेझोव्हाबाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणाला सापडत नाही ना?"

वेंडेलिनला ठसका लागला. राद्मिला वाट बघतेय असं सांगून तो कसाबसा तिथून निसटला. धुराडं तसंच राहिलं होतं.

घरी जाऊन त्याने आधी आकडे दुरुस्त केले, मग राद्मिलाला सांगितलं. ती ओट्याला धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुरुस्ती झाल्याबरोबर लोक टेकडीवर जायला लागले आणि डबी पटापट सापडायला लागली. "सोपी," असं पहिल्याने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, "ठीक. आधीची जागा बरी होती, तिथे खायला मिळायचं." वेंडेलिनची शीळ बंद झाली. पण क्रेझोव्हाबाईंचा छळ थांबला, एवढं तरी बरं केलं आपण, असं तो मनाला समजावत राहिला.

जुलैच्या एका दुपारी दारावर काठी आपटली. क्रेझोव्हाबाई. चांगला काळा झगा घालून, हातात झाकलेली टोपली.

"वेंडा, तूच ना तो काजळबदक?"

वेंडेलिनने राद्मिलाकडे पाहिलं. राद्मिला खिडकीतून बाहेर बघत होती.

"हो. क्रेझोव्हाबाई, मला माफ करा. आकडे चुकले माझे. पण आता दुरुस्त केलंय, आता कुणी त्रास देणार नाही."

"त्रास?" बाईंनी टोपली धाडकन टेबलावर ठेवली. "दोन तवे भरून बुख्ती भाजल्या शनिवारी. संध्याकाळपर्यंत फाटकाकडे बघत बसले. शेवटी कोंबड्यांना घातल्या. कोंबड्या माजल्यात आता, दाण्याला तोंड लावत नाहीत. कुणी सांगितलं होतं तुला दुरुस्त करायला?"

"तुमची खाजगी जागा आहे, बाई."

"माझीच ना? मग मला विचारायचंस. तो ओस्त्रावाचा माणूस जिना रंगवून देणार होता. ती चष्मेवाली मुलगी तिच्या सासूची पुढची गोष्ट सांगणार होती. आता मला कसं कळायचं त्या सासूचं काय झालं?"

वेंडेलिनने टोपलीवरचं फडकं उचललं. बुख्ती अजून कोमट होत्या. त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं तो या घरी धुराडं साफ करायला जात होता, आणि काम झालं की कॉफीला नको म्हणून पुढच्या घरी पळत होता.

"तुमच्याकडे खरीखुरी डबी ठेवू या," तो म्हणाला. "तुमच्या परवानगीने. रीतसर."

"ठेवू या नाही. मी ठेवणार. तू फक्त तुझं ते यंत्र घेऊन ये. आणि आकडे राद्मिला लिहील."

ऑगस्टमध्ये तसंच झालं. बागेच्या मध्यावर उभं राहून वेंडेलिनने आकडे घेतले. क्रेझोव्हाबाईंनी त्याला घरात पाठवलं, दार लावून घेतलं आणि बऱ्याच वेळाने बोलावलं. राद्मिलाने आकडे दोनदा वाचून भरले, तिसऱ्यांदा वेंडेलिनला हात मागे बांधून वाचायला लावले.

"आता शोध," क्रेझोव्हाबाई म्हणाल्या. "तुला सापडली नाही तरच ती चांगली." मग बाकावर बसून त्या शेंगा सोलायला लागल्या.

वेंडेलिनने बुटका उचलला, पालथा केला, टोपीत डोकावला. झाडांच्या ढोल्या चाचपल्या. पाण्याचं पिंप हलवलं, बाकाखाली सरपटला, खुराड्याचं छप्पर उचकटून पाहिलं. कोंबडीने चोच मारली. राद्मिलाही बाकावर येऊन बसली आणि शेंगांना हात लावला.

"थोडं डावीकडे का नाही बघत?" ती म्हणाली.

"तुला माहितीये?"

"नाही. पण तू फिरतोस ते बघायला बरं वाटतं."

उन्हं कलली तेव्हा तो गवतात बसकण मारून म्हणाला, "हरलो."

क्रेझोव्हाबाई उठल्या, खुराड्यात हात घालून कोंबडीला बाजूला सारलं आणि तिच्याखालून एक अंडं काढलं. लाकडी होतं, पांढरं रंगवलेलं. मोजे रफू करायचं जुनं अंडं, आत सुया ठेवायला पोकळ. फिरवल्यावर उघडलं. आत कागदाची गुंडाळी.

"तीस वर्षं माझ्याकडची अंडी खातोस," त्या म्हणाल्या, "आणि खरं कुठलं ते कळत नाही तुला."

त्या डबीने आसपासच्या मुलखात नाव काढलं. लोक दोन-दोनदा येत. कोंबडीची तक्रार लिहीत, तिच्याबरोबर फोटो काढत. सप्टेंबरात क्रेझोव्हाबाईंनी बागेत मोठी कढई चढवली आणि राद्मिलाला वेबसाइटवर लिहायला लावलं की मुरंबा ढवळायला माणसं हवीत. एवढी बदकं जमली की ढवळण्याला पाळ्या लावाव्या लागल्या. चष्मेवालीही आली. सासू घर सोडून गेली होती आणि चष्मेवालीलाच तिची आठवण येत होती.

वसंतात वेंडेलिनने नवं यंत्र घेतलं आणि जुनं पिवळं क्रेझोव्हाबाईंना नेऊन दिलं. बटणं कुठली दाबायची ते एकदा दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्या बसमध्ये बसून त्र्शेबीचला गेल्या. दुपारी वेंडेलिन एका छपरावर असताना त्याचा फोन वाजला.

"वेंडा, बाण म्हणतो चार मीटर. तिथे एक बाक आहे आणि त्या बाकावर एक म्हातारा आपला कुत्रा घेऊन बसलाय. उठतच नाही."

"शेजारी बसा. गप्पा मारा. कंटाळून जाईल."

"मारल्या. कंटाळत नाही. उलट मला केक खायला चल म्हणतोय."

वेंडेलिनने ब्रश धुराड्याला टेकवून ठेवला. "मग जा की."

"आणि डबी?"

"ती कुठे जातेय? उद्या परत जा."

पलीकडून कुत्रा भुंकल्याचा आवाज आला.

"उद्या कशाला," क्रेझोव्हाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुवारी जाईन. त्याला गुरुवारी वेळ असतो म्हणे."