फोनला घाबरलेली माणसं

फोन दुरुस्तीच्या धंद्यात एक गंमत असते. फोन ठीक होऊन मालकाकडे परत जातो, पण त्याच्यासोबत आलेला किस्सा दुकानातच राहतो. मरोळला इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटजवळ मी आणि प्रमोद दुकान चालवतो. रिपेअरिंगच्या कोर्सला एकत्र होतो, तेव्हापासूनचे दोस्त. तो सोल्डरिंग करतो, मी काउंटर आणि सॉफ्टवेअर बघते. आता इतके किस्से साठलेत की कुठला आधी सांगू कळत नाही. आणि बहुतेक सगळे घाबरलेल्या माणसांचे! काच फुटली म्हणून कोणी एवढं घाबरत नाही हो. काचेच्या आत जे असतं ना, त्याला घाबरतात.

* * *

इस्टेटमध्ये पॅकिंगला कामाला असलेला एक जण फुटलेली स्क्रीन घेऊन आला. मी पासवर्ड विचारला तर त्याचा चेहराच उतरला.

"पासवर्ड कशाला? तुम्ही नुसती स्क्रीन बदला ना!"

"टच चेक करावा लागतो."

"मी करतो चेक."

अख्खी दुपार तो काउंटरला चिकटून उभा. नवी स्क्रीन लागली, फोन सुरू झाला, तसा प्रमोदला म्हणतो, "दादा, जरा तिकडे बघा ना." प्रमोद बिचारा भिंतीकडे तोंड करून बसला! माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं.

त्याने गॅलरी उघडली, बोट भलतीकडे लागलं आणि स्पीकर फुल! दुकानभर त्याचाच आवाज घुमला, "गुड मॉर्निंग सर! मायसेल्फ संतोष! माय हॉबी इज..."

त्याने फोन छातीशी दाबला. "इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस आहे मॅडम. दीडशे व्हिडिओ आहेत. पॅकिंगमधल्या लोकांनी बघितले ना, तर मेलोच मी!"

भिंतीकडे तोंड करूनच प्रमोद म्हणाला, "मायसेल्फ नको रे, 'आय ॲम' म्हण."

* * *

सावंत काकूंची तक्रार अशी, की व्हिडिओ कॉलवर मुलाला त्या दिसतच नाहीत, नुसता अंधार दिसतो. फोन हातात घेतला तर पुढच्या कॅमेऱ्यावर लाल टिकली!

"काकू, ही काढा की."

"नको गं बाई! त्यातून बघतात म्हणे."

"कोण बघतं?"

"तेच तर कळत नाही ना! कळलं असतं तर टिकली कशाला लावली असती?"

* * *

पेडणेकर सरांनी आयुष्यभर एका वकिलाकडे करारनामे टाइप केले. मुलीने त्यांना नवा फोन दिला, तर आठवड्याने तो तसाच कोरा घेऊन दुकानात हजर.

"सुरू करताना अटी येतात. सगळ्या वाचल्या मी. एक अट मला मान्य नाही. ती खोडायची कुठे?"

"सर, त्या कोणी वाचत नाही. खाली 'मान्य' दाबायचं."

"आणि मान्य नसेल तर?"

"तर फोन पुढे जात नाही."

सर हळूच म्हणाले, "त्यात लिहिलंय, मी कुठे जातो ते त्यांना कळणार, आणि ते आणखी दुसऱ्यांना सांगू शकणार. असला करार मी जन्मात टाइप केला नाही. अशा कागदावर सही कोण करतं?"

दुकानात तेव्हा पाच गिऱ्हाइकं होती. पाचही जणांनी आपापल्या फोनकडे बघितलं.

"सर," प्रमोद म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी केलीय."

* * *

हा पुढचा मी सहसा सांगत नाही.

एक मुलगी आली, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. फोन काउंटरवर पालथा ठेवला. "यातलं एक ॲप काढायचंय. मी बघणार नाही. तुम्हीच काढा."

गरोदर बायकांसाठीचं ॲप होतं. बाळ पोटात आता केवढं झालं, ते दर सोमवारी सांगणारं. तिचं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. ॲपला कोण सांगणार? त्या सकाळी त्याने पाठवलं होतं, "आता बाळाला तुमचा आवाज ऐकू येतो!"

मी अकाउंट डिलीट केलं, ॲप काढलं. पंधरा दिवसांनी ती परत आली.

"आता पाळणे दाखवतायत मॅडम. भांड्यांचा साबण शोधला तरी पाळणे!"

जाहिरातींच्या सेटिंगमध्ये जाऊन जे जे बंद करता येईल ते सगळं मी बंद केलं. निघताना तिने विचारलं, "आता नक्की गेलं ना? की पुढच्या वर्षी वाढदिवसाचे केक दाखवतील?"



* * *

आणि हा तुषारचा.

तुषार म्हणजे पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग करणारा, आमचं जुनं गिऱ्हाईक. एका दुपारी हेल्मेट घालूनच दुकानात शिरला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. "दहा मिनिटं बसू द्या मॅडम." प्रमोदने पाणी दिलं, ते त्याने हेल्मेटची काच वर करून प्यायलं.

काउंटरवर शेजारच्या बिल्डिंगमधल्या राणे ताई चार्जर घ्यायला आल्या होत्या. त्या त्याला म्हणाल्या, "बरं झालं आत बसलात भाऊ. बाहेर वातावरण बरोबर नाही. हा बघा." आणि फोन त्याच्यासमोर धरला.

फोटोत एका सोसायटीच्या गेटजवळ उभा असलेला एक माणूस होता, पाठीला बॅग. खाली लिहिलेलं, "मुलं पळवणारा. दिसला तर सोडू नका!"

"मीपण तीन ग्रुपवर टाकलाय," ताई म्हणाल्या.

तुषारने हेल्मेट काढलं.

ताईंनी फोटोकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"मी बी विंग शोधत होतो ताई," तो म्हणाला. "शाळेची बस आली म्हणून बाजूला उभा राहिलो. एका मुलीची बाटली पडली, ती उचलून दिली. बस्स. सकाळपासून दोनदा लोकांनी अडवलंय. एकाने तर कॉलर धरली."

"पोलीस स्टेशनला जाऊया," मी म्हटलं.

"रस्त्यावरूनच जावं लागेल ना मॅडम?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथेच बसून त्यांनी तिन्ही ग्रुपवर लिहिलं, "फोटोतला माणूस फिल्टरवाला आहे. चांगला माणूस आहे. मी आत्ता त्याच्यासोबतच बसले आहे. मेसेज डिलीट करा."

लगेच टिंग!

"ताई, तुम्ही सेफ आहात ना? हे त्याने जबरदस्तीने लिहायला लावलं का?"

"नाही हो!" ताईंनी लिहिलं.

"घाबरू नका. लोकेशन पाठवा. आम्ही निघालो."

मी शटर अर्धं खाली ओढलं. प्रमोदने तुषारला मागच्या दाराने इस्टेटमध्ये नेलं, आपल्या बाइकवर बसवलं आणि थेट घाटकोपरला त्याच्या बहिणीकडे सोडलं. पोचल्याचा प्रमोदचा फोन येईपर्यंत मी आणि ताई शटरखालून रस्त्याकडे बघत बसलो.

"आता सांगून टाका तो गेला म्हणून," मी म्हटलं. "विषय तरी संपेल."

ताईंनी लिहिलं, "तो इथून गेला. आता हे सगळं थांबवा."

उत्तर यायला मिनिटही लागलं नाही.

"बघा! पळाला म्हणजे तोच होता!"