व्हर्नाबाईंनी हलवलेल्या गाद्या

हार्लन रिज कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम व्हर्ना स्टकी एकतीस वर्षं करत होती. इथे तिकिटावरच्या आकड्याला कुणी विचारत नसे. आपली गादी बाकावर ठेवली की जागा आपली, ती थेट मरेपर्यंत. सगळ्या गाद्या पश्चिमेला, कारण हॉलला ऊब देणारे गरम पाण्याचे पाइप त्या बाकांखालून गेलेले. दुसऱ्याची गादी हलवणाऱ्याला व्हर्ना सरळ बाहेर काढी, मग तो कॉलेजचा अध्यक्ष का असेना.

त्या फेब्रुवारीत पहिल्यांदाच टीव्हीवाले आले आणि कॅमेरे लावले नेमके पश्चिमेच्या माथ्यावर. म्हणजे अख्ख्या इंडियानालाच काय, सगळ्या देशाला दिसणार ती पूर्वेची ओसाड बाकं. कोच पुरते हवालदिल झाले. रिकामा हॉल दिसला तर टीव्ही परत फिरकणार नाही, आणि टीव्ही नाही तर चांगली उंच पोरं इकडे ढुंकूनही बघणार नाहीत, असं ते व्हर्नाला काकुळतीला येऊन सांगत होते. लोकांना विनवून उपयोग नव्हता. सुंभ जळेल, पण इथल्या म्हाताऱ्यांचा पीळ जायचा नाही.

सामन्याच्या शनिवारी सकाळी व्हर्नाने जन्मात केलं नव्हतं ते केलं. दोनशे बारा गाद्या उचलून, रांगेला रांग जुळवून, पूर्वेला मांडल्या. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याची, ऑर्व्हिलची निळी गादीसुद्धा, जी तिने आजवर जागची हलू दिली नव्हती. ती उचलताना तिला रडू आलं.

दुपारी डेल्बर्ट योडर तणतणत आला. "माझी जागा चोरलीस, व्हर्ना."

"गादी तिथे माणूस. नियम तुझ्याच बापाने केलाय, डेल्बर्ट. जा, बस."

पुटपुटत का होईना, तो गेला. त्याच्यामागे सगळे गेले, आणि कुडकुडायला नको म्हणून सामना संपेपर्यंत पाय आपटत ओरडत राहिले. संघ दोन गुणांनी हरला, पण हॉल कसा गच्च दिसला.

एप्रिलमध्ये कोचना कॅन्ससहून एका बाईचा फोन आला. तिचा मुलगा सहा फूट दहा इंच, आणि मोठमोठी कॉलेजं त्याच्या मागे. त्याला यायचं होतं ते इथेच, त्या पाय आपटणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर खेळायला. तिची एकच शंका होती: एवढ्या गर्दीत आईला जागा मिळेल का? टीव्हीवर तिला एकच रिकामी दिसली होती, निळ्या गादीची.

कोचनी व्हर्नाकडे पाहिलं.

नोव्हेंबरात ती बाई दारात आली, तेव्हा व्हर्ना स्वतः तिला पूर्वेला घेऊन गेली. निळी गादी झटकली आणि म्हणाली, "बसा. इथे गार लागतं, पण शेजारी चांगले आहेत."