गिअर नसलेली गाडी

मंडळी, आज फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर गाडी थेट गॅरेजला नेली. मागच्याच महिन्यात घेतलीय, सेकंडहँड ऑटोमॅटिक. बावीस वर्षं मशिनीपुढे उभं राहून माझा डावा गुडघा गेलाय, क्लच दाबवत नाही, म्हणून घेतली.

तिचं दुखणं एकच. नाशिक फाट्याच्या पुलावर चढताना पाय दाबला की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी मात्र आपल्याच चालीनं. दर वेळी वाटतं, आता गिअर पडेल. पडतच नाही राव.

मेकॅनिकनं एक चक्कर मारली आणि हसला. "भाऊ, बिघाड काहीच नाही. हिच्यात गिअर नसतातच. दोन पुल्या आणि एक पट्टा, बास. होईल सवय."

मला वाटायचं, ऑटोमॅटिक म्हणजे गिअर आपोआप पडतात. आणि हे मला कळू नये! चाकणच्या शेडमध्ये मी गाड्यांचे गिअरच कापतो.

आमच्या सहा मशिनींपैकी चार आता काम नाही म्हणून बंद आहेत. सोमवारी चौथीवर ताडपत्री मीच टाकली.

घरी येताना पुलावर गाडी परत बोंबलली. अशी गाडी चालवणाऱ्यांनो, खरं सांगा, होते का हो सवय?