पाण्याच्या नळीतली रेघ

हे आज सकाळपर्यंत मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. आज लिहून काढणार. पुन्हा कच खाल्ली, तर हा कागद तरी माझ्याविरुद्ध राहील.

कोल्हापुरात एका प्रयोगशाळेत मी काम करते. रोगाचा जंतू जनावराच्या, माणसाच्या शरीरात कसा तग धरतो, ते शोधायचं. चार वर्षांपूर्वी शाहूवाडीकडच्या एका गावात नामदेव नावाचा तरणा शेतकरी लेप्टोच्या तापानं गेला. त्याचा जंतू जनावरांच्या मुतातून भाताच्या खाचरात उतरतो, म्हणून आम्ही आसपासच्या गोठ्यांतून नमुने घेतले. नामदेवच्या शेजारच्या आक्का — एकटी बाई, एकच म्हैस — हसून म्हणाल्या, "मुताला काय राखण हाय व्हय? न्या की!"

आठ नमुने, आठ नळ्या. नववीत पडताळ्यासाठी नुसतं पाणी. नळ्यांतला डीएनए वाढवून त्याचा फोटो काढायचा; जंतू असेल त्या नळीची त्यात रेघ उमटते. पाण्याची उमटता कामा नये. आक्कांच्या म्हशीची रेघ चमकली. आणि पाण्याचीही! म्हणजे काय? म्हणजे जंतूचा डीएनए माझ्याच टेबलावरून काही नळ्यांत शिरला होता. आदल्या दिवशीच्या, जंतूचा डीएनए असलेल्या नळ्या मी तिथंच उघडल्या होत्या — शिकाऊ पोरंही करणार नाहीत असला गाढवपणा. पण प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, दारात उभे होते, आणि मी आधीच "सापडलं!" म्हणून ओरडून बसले होते... अहवालात लावताना मी फोटोची कड कापली. पाण्याची रेघ गेली. म्हशीची राहिली.

एवढंच असतं तर — नाही, एवढंच नव्हतं. आठवड्यानं उरलेला नमुना मी दुसऱ्या खोलीत, गुपचूप, पुन्हा तपासला. म्हशीत काहीच नव्हतं. तोवर अहवाल गावात पोचला होता. नामदेवच्या आईनं आक्कांशी बोलणं टाकलं होतं. म्हैस बाजारात गेली होती. तेव्हा तरी तोंड उघडायचं ना? मी तो निकाल वहीत लिहिलासुद्धा नाही.

पुढच्या फेरीला आक्कांनी माझा हात धरला. "माज्या म्हशीनं खाल्लं गं त्या पोराला." आणि मी काय म्हणाले, ऐका — "तुमचा काय दोष, आक्का?" इतक्या मायेनं म्हणाले, की त्या माझ्या खांद्यावर रडल्या. माझा गुन्हा मी त्यांना माफ केला! किळस येते मला त्या मायेची.

आज सकाळी अख्खा फोटो सरांच्या टेबलावर ठेवला. अहवाल मागे घ्यायचं पत्रही, माझ्या सहीचं. नोकरी जाईल तर जाईल.

उद्या पहिल्या एसटीनं गावात जाणार. आधी नामदेवच्या आईच्या दारात, मग आक्कांच्या. घाई होती, भीती होती, असलं काही बोलणार नाही. रडणार तर अजिबात नाही. रडले, तर आक्का मलाच जवळ घेतील.