क्लासवाल्या पोराची आई

समस्त लातूरकरांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी स्केटिंग शिकायला गेलो. रांगेत मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनांमधून नागमोडी जायचं, असा हा खेळ. पहिल्याच दिवशी मी सगळे कोन आडवे केले आणि शेवटी त्यांच्याशेजारी स्वतःही आडवा झालो.

"घाबरू नका दादा, कोनांना लागत न्हाई," मागून एक बाई म्हणाल्या.

त्या जळकोटच्या. पोराच्या डॉक्टरकीच्या क्लाससाठी इथं खोली घेऊन राहिलेल्या. त्याला डबा देऊन क्लासला धाडायचं, की ओढणी कमरेला बांधून मैदानावर हजर. नाव मी कधी विचारलं नाही. वळताना त्या जीभ दातांत धरायच्या. सरळ झकास जायच्या, उलटं, म्हणजे पाठीमागं सरकत जाणं मात्र जमत नव्हतं. पोराला प्रवेश मिळाला की गावी परतायचं, आणि तिथं सासऱ्यांसमोर कसली चाकं! म्हणून भारी घाई.

निकालाच्या दिवशी कळलं, पोराचा नंबर थोडक्यात हुकला. तो आणखी वर्षभर क्लास करणार होता. मैदानावर आम्ही सारे शिकाऊ पडेल चेहऱ्यानं उभे. मी सांत्वनाचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात त्या बुटांचे पट्टे आवळत बोलून गेल्या,

"लई वाईट झालं बघा दादा... आता उलटं निवांत शिकते!"